एकास तीनशे चाळीस

दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात कापड दुकानदाराला गल्ल्यावरून मान वर करण्याचीही सवड नसते. अशा आठवड्यात, ऐन गर्दीच्या वेळी, सायंकाळी सातच्या सुमारास माझ्या थोरल्या बंधूंचा फोन आला तेव्हाच काहीतरी बिनसले आहे हे मी ओळखले. "एक रिपोर्ट पाठवतो, नीट बघ. तुला आकडे कळतात," एवढेच ते बोलले. मागे दुकानातील कलकल ऐकू येत होती, आणि तरीही त्यांचा आवाज दबलेला होता.

रिपोर्ट त्यांच्या सूनबाईचा, म्हणजे माझ्या पुतण्याच्या पत्नीचा होता. लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस राहिले होते. वय एकतीस. तेरावा आठवडा नुकताच लागला होता. सोनोग्राफी आणि रक्ताची 'डबल मार्कर' चाचणी यांचा एकत्रित निष्कर्ष शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत छापला होता: डाऊन सिंड्रोमची जोखीम १:३४०, मध्यम.

त्या एका ओळीने त्या घरात पुढे पाच आठवडे काय काय घडवले ते आज लिहीत आहे. सूनबाईची परवानगी घेतली आहे. तपशील थोडे बदलले आहेत, तरी आपला समाज लहान आहे आणि ओळखणारे ओळखतीलच. "ओळखू देत काका," ती म्हणाली, "मला तेव्हा असं काही वाचायला मिळालं असतं तर बरं झालं असतं." म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. मी वैद्य नाही. छत्तीस वर्षे बँकेत जोखमीचे कागद वाचले, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे येथे लिहिले आहे ते आपल्या डॉक्टरांशी बोलण्याच्या तयारीसाठी समजावे, त्यांच्याऐवजी नव्हे.

सर्वप्रथम घरात त्या आकड्याचे काय झाले ते सांगतो. बंधूंना मधुमेह आहे. त्यांच्या मनात ३४० हा आकडा साखरेच्या रिपोर्टसारखा बसला: इतका मोठा म्हणजे फार वाईट. वहिनींनी रिपोर्टच्या तळाशी '१:२५० ही मर्यादा' असे वाचले आणि सून मर्यादेच्या नव्वदने पुढे गेली असा अर्थ लावला. पुतण्या वाणिज्य पदवीधर आहे, पण त्यालाही सकाळपासून काही सुचत नव्हते. आणि जिच्या पोटातील बाळाविषयी हे चालले होते ती आतल्या खोलीत दुकानाचे जीएसटीचे विवरण भरत बसली होती.

एकास तीनशे चाळीस याचा अर्थ असा: याच वयाच्या, याच मोजमापांच्या ३४० गर्भवती एकत्र उभ्या केल्या तर त्यांतील एकीच्या गर्भाला हा दोष असेल आणि ३३९ जणींच्या नसेल. दुसरा आकडा जितका मोठा तितकी जोखीम कमी. १:२५० पेक्षा १:३४० बरा, आणि १:२००० त्याहून बरा. साधारणपणे १:२५० च्या अलीकडे 'अधिक', १:१००० च्या पलीकडे 'कमी', आणि मधल्या पट्ट्यात 'मध्यम' असे लिहिण्याची पद्धत आहे. प्रयोगशाळेनुसार या रेषा थोड्या सरकतात. खरा घोळ असतो तो या मधल्या पट्ट्यात. अधिक म्हटले तर पुढची वाट डॉक्टरच दाखवतात, कमी म्हटले तर मनुष्य निर्धास्त होतो. मध्यम म्हटले की निर्णय येऊन पडतो कुटुंबाच्या अंगावर.

हा आकडा कसा तयार होतो हेही कळले पाहिजे. आईचे वय हा पाया. त्यावर सोनोग्राफीत मोजलेली गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी, नाकाचे हाड दिसते की नाही, आणि आईच्या रक्तातील दोन घटकांचे प्रमाण, यांवरून संगणक आकडा वरखाली करतो. म्हणून मी सवयीने पहिल्यांदा रिपोर्टमधील नोंदी तपासल्या. जन्मतारीख, वजन, गर्भाची लांबी आणि त्यावरून काढलेले आठवडे, जुळे आहे काय, मधुमेह आहे काय. वजन किंवा आठवडे चुकीचे नोंदले गेले तर अंतिम आकडा बदलतो. कर्जप्रस्तावात ताळेबंद चुकीचा भरला तर गुणांकन कितीही काटेकोर असून उपयोग काय? येथे नोंदी बरोबर होत्या. मानेमागील जाडी व नाकाचे हाड दोन्ही ठीक. रक्तातील एका घटकाने आकडा खाली ओढला होता.

बंधूंना मी जे उदाहरण दिले ते येथेही देतो, कारण ते त्यांना लगेच पटले. आपल्या गल्ल्यावर नोटा मोजण्याचे यंत्र असते. ते मधेच थांबते आणि एखादी नोट बाजूला काढते. ती नोट खोटीच असते काय? बहुतेक वेळा मळलेली असते, घडी पडलेली असते, कधी ओली असते. यंत्र फक्त एवढेच सांगते की ही एकदा हातात धरून उजेडात पाहा. डबल मार्कर ही अशी चाळणी आहे. तिचे काम बाजूला काढणे. खरी की खोटी हे ठरवणारी निदानाची चाचणी वेगळी असते.

हिशेब मांडून दाखवतो. समजा आठ हजार गर्भवती आहेत आणि दर आठशेत एक या प्रमाणाने त्यांतील दहा जणींच्या गर्भाला डाऊन सिंड्रोम आहे. सोनोग्राफीसह केलेली ही एकत्रित चाचणी त्या दहांपैकी साधारण नऊ पकडते, हे चांगलेच. परंतु निर्दोष गर्भांपैकीही शेकडा पाच ती बाजूला काढते. ७,९९० चे शेकडा पाच म्हणजे सुमारे ४००. म्हणजे ज्या ४०९ घरांत 'अधिक जोखीम' हा कागद पोहोचला त्यांतील ४०० घरे विनाकारण रडली. आणि जिचा गर्भ सुटला ती दहावी स्त्री 'कमी जोखीम' वाचून पेढे वाटते. कमी म्हणजे शून्य नव्हे, हेही त्याच हिशेबातून निघते.

आता पुढच्या वाटा. तेव्हा डॉक्टरांनी, आणि नंतर पुण्यातील जनुकीय समुपदेशक बाईंनी, ज्या सांगितल्या त्या अशा.

एक, काहीही न करता अठरा-वीस आठवड्यांच्या सविस्तर सोनोग्राफीची वाट पाहणे. ती सर्वांनी करायचीच असते. पण डाऊन सिंड्रोमच्या अनेक गर्भांत सोनोग्राफीला काहीच ठळक दिसत नाही, त्यामुळे केवळ तिच्या भरवशावर 'नाही' म्हणता येत नाही.

दुसरी वाट एनआयपीटी या रक्तचाचणीची. आईच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे दाखवून दिले आणि २०११ पासून त्यावर आधारलेल्या चाचण्या प्रत्यक्ष वापरात आल्या. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या दंडातून थोडे रक्त घ्यायचे, गर्भाला सुईचा स्पर्शही नाही. डाऊन सिंड्रोमपुरती ही चाचणी शंभरात नव्व्याण्णव गर्भ ओळखते आणि निर्दोष गर्भाला सदोष ठरवण्याचे प्रमाण हजारी एकाच्या आतबाहेर आहे. खर्च मात्र डबल मार्करच्या कित्येक पट. पुतण्याला वाटले, झाले, हीच अंतिम. तसे नाही. पुन्हा तेच आठ हजार घ्या. दहाचे दहा पकडले आणि हजारी एक या दराने आठ निर्दोषही पकडले गेले, तर 'दोष आहे' असा कागद आलेल्या अठरांपैकी आठ जणी निर्दोष निघतात. याचे एक कारण असे की हे डीएनए वारेचे असते, गर्भाचे नव्हे, आणि क्वचित वारेतील पेशींत जो फरक असतो तो गर्भात नसतो. म्हणून एनआयपीटीही चाळणीच; बारीक छिद्रांची, उत्तम, पण चाळणी. तिच्या सदोष अहवालावरून कोणताही मोठा निर्णय घेऊ नये, असे समुपदेशक बाईंनी दोनदा बजावले.

तिसरी वाट गर्भजल परीक्षणाची. पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, पोटातून बारीक सुई घालून थोडे गर्भजल काढतात. त्यातील पेशी गर्भाच्या असतात, त्यांची गुणसूत्रे प्रत्यक्ष पाहता येतात. डाऊन सिंड्रोम म्हणजे एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असणे. जेरोम लेजन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५९ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली. हे तिसरे गुणसूत्र आहे की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असे येते. किंमत अशी की सुईमुळे गर्भपात होण्याचा थोडा धोका असतो. जुन्या पुस्तकांत तो शंभरात एकापर्यंत लिहिलेला आढळतो; आज अनुभवी हातांत दोनशेत एकापेक्षा कमी, आणि अलीकडच्या पाहण्यांत हजारी एक-दोन इतका खाली आलेला आहे. म्हणून सुई कोणाच्या हातात आहे, ती व्यक्ती वर्षाला अशी किती परीक्षणे करते, हे विचारण्यात संकोच करू नये. आपण कापडाचा तागा घेताना गिरणीपर्यंत चौकशी करतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर या परीक्षणानंतर अँटी-डी इंजेक्शन आठवणीने घ्यावे लागते.

बारा-तेरा आठवड्यांत वारेचा कण घेऊन करायचीही एक तपासणी असते. तिची वेळ येथे निघून गेली. कशी, ते सांगायला मला लाज वाटते.

रिपोर्ट आला तो धनत्रयोदशीच्या दोन दिवस आधी. बंधू म्हणाले, हंगाम आटपू दे. मग निर्वाणलाडू, चोपडापूजन, पाडवा, भाऊबीज. मुंबईच्या एका नातेवाइकांना विचारायचे ठरले, ते गावी गेले होते. कोणी म्हणाले, शुभ दिवसांत इस्पितळाचा विषय नको. मीही 'बघू, चार दिवसांनी काय बिघडते' असे म्हणालो, आणि मुदत चुकली म्हणून कित्येक कर्जदारांना नोटिसा धाडणारा मीच होतो. नऊ दिवस गेले. पुण्यात रक्त दिले तेव्हा चौदा आठवडे आणि तीन दिवस झाले होते.

या प्रवासात दिवसांना काय मोल असते ते पाहा. एनआयपीटीचा अहवाल यायला आठ-दहा दिवस. गर्भजलाचा त्वरित अहवाल तीन-चार दिवसांत येतो, पण सर्व गुणसूत्रांचा पूर्ण अहवाल यायला दोन ते तीन आठवडे लागतात. आणि दुसऱ्या बाजूला कायद्याचे कॅलेंडर उभे असते. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याने गर्भाच्या हृदयातील गंभीर दोष विसाव्या आठवड्यानंतर लक्षात आल्यामुळे उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते, त्यांच्यासोबत डॉ. निखिल दातार होते. तेव्हाची मर्यादा वीस आठवड्यांची, आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. वर्तमानपत्रांतून तो विषय अनेक दिवस गाजला. पुढे २०२१ मध्ये कायदा बदलला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, चोविसापर्यंत काही ठरावीक परिस्थितींत दोघांचे लागते, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. मार्ग रुंदावला हे खरे. तरी ज्या स्त्रीला निर्णय घ्यायचा आहे तिच्यासाठी सतराव्या आणि तेविसाव्या आठवड्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते. तेविसाव्यापर्यंत बाळ लाथा मारू लागलेले असते.

दहाव्या दिवशी एनआयपीटीचा अहवाल आला. त्यावर लिहिले होते: निष्कर्ष नाही. रक्तातील गर्भाच्या डीएनएचे प्रमाण पुरेसे नव्हते. शंभरातील काही थोड्या नमुन्यांच्या बाबतीत असे होते. कधी आईचे वजन जास्त असल्यामुळे, कधी काही कारण न सापडता. पुन्हा रक्त दिले तर पुष्कळदा उत्तर मिळते. पण उत्तर न मिळणे हीदेखील पूर्णपणे निष्पाप गोष्ट नाही. तीन प्रतींच्या काही विकारांत, विशेषतः अठराव्या आणि तेराव्या गुणसूत्राच्या, असे प्रमाण कमी आढळते. सोळा आठवडे झाले होते. पैसे गेले, दहा दिवस गेले, आणि हातात आधी होता त्यापेक्षा अधिक धूसर कागद आला.

त्या रात्री बंधूंच्या घरी सगळे जमले. मीही बसने गेलो. जे बोलले गेले ते थोडक्यात लिहितो, कारण अनेक घरांत हेच बोलले जात असेल.

वहिनी म्हणाल्या, आपण सुईच लावायची नाही. पुढे जे करावे लागेल ते आपल्या हातून होणार नाही, मग जाणून काय करायचे? आलेला जीव आपले कर्म घेऊन येतो. वहिनी रोज सामायिक करणाऱ्या, सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या. त्यांच्या म्हणण्यात ढोंग नव्हते. बंधूंना वेगळीच काळजी होती आणि ती त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितली. धाकट्या मुलीचे स्थळ पाहणे चालू आहे. घराण्याची 'जनुकीय' तपासणी झाली हे बाहेर गेले तर काय? पुतण्या गप्प होता. आणि जमलेल्यांतील एका वडीलधाऱ्यांनी, नाव लिहीत नाही, हळूच विचारले, "त्या रक्तातून बाकीचंही कळतं म्हणे?"

हा शेवटचा प्रश्न मी तेथेच मिटवला. मुलगा की मुलगी हे सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हे आहेत. महाराष्ट्राने यासंबंधी देशात सर्वांत आधी १९८८ मध्ये कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा झाला. विचारणाऱ्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे हे जरा मोठ्याने सांगावे लागते. २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात देशात हजार मुलांमागे ९२७ मुली होत्या, जैन समाजात ८७०. २०११ मध्ये आपला आकडा ८८९ वर आला. मुंगीला जपणाऱ्या समाजाचा हा ताळेबंद आहे.

बंधूंच्या भीतीला मात्र उत्तर आहे. डाऊन सिंड्रोमची शंभरातील सुमारे पंच्याण्णव प्रकरणे अशी असतात की बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते. तो योगायोग आहे, घराण्याचा वारसा नाही. नणंदेच्या मुलांशी त्याचा काही संबंध नाही. राहिलेल्या थोड्या प्रकरणांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो, त्यांतील काही आई किंवा वडिलांकडून आलेली असतात, आणि नेमके हेच कळण्यासाठी पूर्ण अहवाल उपयोगी पडतो. (थॅलसेमियाचा प्रश्न निराळा. तो घराण्यातून येतो, त्याची वाहक-तपासणी वेगळी असते आणि ती लग्नाआधीच करून घ्यावी. त्यावर पुन्हा केव्हा तरी.)

राहिला वहिनींचा प्रश्न. तो या सगळ्यांत वजनदार होता. गर्भपाताविषयी मी हलक्या शब्दांत लिहू शकत नाही. ज्या घरात मी वाढलो तेथे तो शब्द उच्चारला जात नसे. पण 'काढायचे नसेल तर जाणायचे कशाला' हे वाक्य मला त्या रात्री पटले नाही आणि आजही पटत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि त्यातील बहुतेकांवर शस्त्रक्रिया करता येते. आधी माहीत असेल तर गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी होते. बाळंतपण तालुक्याच्या ठिकाणी करायचे की बालहृदयतज्ज्ञ असलेल्या मोठ्या इस्पितळात, हे ठरवता येते. आईबापांना मनाची तयारी करायला चार महिने मिळतात. अशी मुले उशिरा बसतात, उशिरा बोलतात, पण शिकतात. कोण किती शिकेल हे कोणतीही चाचणी सांगत नाही. अठराव्या किंवा तेराव्या गुणसूत्राच्या विकारात स्थिती फार वेगळी असते, तेथे बहुतेक बाळे वर्षही काढत नाहीत. हे दोन प्रकार एकाच मापाने मोजू नयेत.

तरीही वहिनींच्या बाजूने एक गोष्ट खरी होती आणि ती समुपदेशक बाईंनीही मान्य केली. ज्या घराने काही झाले तरी गर्भ ठेवायचाच असे मनापासून ठरवले आहे, त्याच्यासाठी सुईचा लहान धोकाही मोठा ठरू शकतो. असे घर पुन्हा रक्त देऊन, सविस्तर सोनोग्राफी आणि हृदयाची तपासणी करून थांबू शकते. त्यात अडाणीपणा नाही. उलट ज्या स्त्रीला अनिश्चिततेत चार महिने काढणे अशक्य आहे तिने सुई स्वीकारली तर त्यात निष्ठुरता नाही. ३४० त एक आणि ५०० त एक हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणता लहान ते पाहिले की निर्णय होतो, असे मला प्रथम वाटले होते. मी कागदावर दोन रकानेही आखले. ते चूक होते. एका रकान्यात निरोगी बाळ गमावण्याची शक्यता होती आणि दुसऱ्यात वेगळ्या बाळाच्या आगमनाची. ही दोन निरनिराळी चलने आहेत, त्यांचा विनिमय दर प्रत्येक आईपाशी वेगळा असतो.

रात्री साडेदहाला सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तोपर्यंत तिला कोणी विचारलेच नव्हते हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. ती म्हणाली, "आई, काही झालं तर काय करायचं ते मला आज सांगता येणार नाही. पण मला आता एकास इतके नकोत. हो की नाही, एवढंच हवंय. त्यानंतर तुम्ही सगळे आहातच." वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून तिच्या ताटाची विचारपूस करू लागल्या. ती दुपारपासून जेवली नव्हती, आणि सूर्यास्त होऊन गेला होता. त्या रात्री वहिनींनी स्वतः तिच्यासाठी दूध तापवून आणले.

कायद्यानेही हे असेच आहे. परीक्षणापूर्वी त्याचे परिणाम गर्भवतीला तिला समजणाऱ्या भाषेत सांगावे लागतात आणि लेखी संमती तिची लागते. सासऱ्याची नाही, पतीचीही नाही. गर्भपाताचा प्रश्न आला तर सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. पुण्यातील त्या खोलीत समुपदेशक बाईंनी पुतण्यालादेखील दहा मिनिटे बाहेर बसवले आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. पुतण्या थोडा दुखावला. मला ते आवडले.

आत आणखी एक प्रश्न निघाला. गर्भजलावर साधी गुणसूत्र तपासणी करायची की मायक्रोॲरे नावाची अधिक बारीक? बारीक तपासणीत लहान तुकड्यांची कमीजास्तही दिसते, पण कधीकधी असे काही दिसते की ज्याचा अर्थ अद्याप कोणालाच ठाऊक नाही. सोनोग्राफीत दोष दिसला असता तर ती करावीच, असे बाई म्हणाल्या. येथे तसे काही नव्हते. सूनबाईने विचार करून त्वरित अहवाल आणि साधी पूर्ण तपासणी एवढेच निवडले. एका अनिश्चिततेतून सुटण्यासाठी दुसरी विकत घ्यायची नाही, असे तिचे म्हणणे. दुसरी एखादी याच्या उलट निवडील, आणि तेही योग्य असेल.

सोळा आठवडे आणि चार दिवस झाले असताना परीक्षण झाले. सुई आत होती तो वेळ मिनिटभराचा असेल. दोन दिवस विश्रांती, जड उचलायचे नाही, ताप, रक्तस्राव किंवा पाणी गेल्यास तत्काळ कळवायचे. चौथ्या दिवशी त्वरित अहवाल आला आणि एकोणिसाव्या आठवड्याच्या तोंडावर पूर्ण.

अहवालात काय होते ते मी लिहिणार नाही. ते सूनबाईचे आणि तिच्या बाळाचे आहे. शिवाय मला अनुभव आहे: खाते नियमित राहिले की मंजुरी देणारा अधिकारी शहाणा ठरतो आणि थकले की मूर्ख, कागद दोन्ही वेळा तेच असले तरी. वाचक अहवालावरून तिच्या निर्णयाचे मोल ठरवतील हे मला नको आहे. बाळ घरात आहे, सव्वा वर्षाचे आहे, आणि दुकानातील मोजपट्टी त्याला फार आवडते.

गेल्या महिन्यात मी तेथे गेलो असताना शेजारच्या पेठेतील एक भांडी व्यापारी बंधूंकडे आले. सुनेचा रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला होता. १:८१०, मध्यम. "आठशे दहा म्हणजे फारच झालं ना हो?" त्यांनी विचारले. बंधूंनी चष्मा लावला, कागद उलगडला आणि आकड्याकडे न पाहता वरच्या कोपऱ्यातील तारीख शोधली.

"आज किती आठवडे झाले?" त्यांनी विचारले. "बरं. सूनबाईंना हे कोणी समजावून सांगितलंय का?"